मागच्या जिन्याचं कुलूप

देवका सोमकुवर पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत नोकरीला. पोलिओमुळे एक पाय अधू, म्हणून कुठंही मुक्कामाला गेली की ती आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवते. भाचीच्या लग्नासाठी सौंसरच्या एका लॉजवर तिला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं आणि समोर गाद्यांची थप्पी.

"चोर येतात, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

"मंग आतून कडी लावा. आग लागली तं मी कुठून निघू?"

तो नुसता हसला. देवका पुढच्या जिन्यावर कुबडी आडवी टाकून बसली. "मागचा खुलत नाही तवरिक हाही बंद."

वऱ्हाडी खोळंबले. मुलीचे वडील, हरिदास भाऊजी, चिडले. "ताई, लग्नात तमाशा करून राहिल्या का?"

"हो, करून राहिली."

शेवटी मॅनेजरनं गाद्या हलवल्या, कुलूप काढून कडी लावली. देवका त्या जिन्यानं खाली उतरली, धापा टाकत परत वर आली, तेव्हाच खोलीत गेली.

लग्न सुखरूप पार पडलं. निघताना भाऊजींनी टोमणा मारला, "कुठं लागली आग?"

"लागाले पाह्यजे होती का?" देवका म्हणाली. "पुढच्या लग्नातही अशीच बसीन."