दिनाबाईंचे न आलेले दोन दात

१९६२ साली इस्राएलमधल्या लोदच्या विमानतळावर कामगारांच्या खानावळीत मी भांडी घासायला लागलो. तिथल्या मुख्य स्वयंपाकीण दिनाबाई यांना वरचे पुढचे दोन दात नव्हते. नवख्याने गप्प बसावे, पण मी विचारलेच, "बाई, दात कशाने पडले?"

"पडायला आधी यायला लागतात, बाबा. माझे आलेच नाहीत. आईचेही नाहीत. आमच्या बायकांना देव दोन दात कमीच देतो." एवढे सांगून त्यांनी मला कांदे सोलायला बसवले.

रुमानियाच्या सुतारापासून मोरोक्कोच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे बाईंच्या डाळीला नावे ठेवत आणि पुन्हा ताट पुढे करत. बाईंचा स्वभाव तिखट. मला ताप आला तेव्हा मात्र चार दिवस पेज घेऊन त्या स्वतः आल्या आणि चारही दिवस माझ्या खोलीच्या अवस्थेवरून मला फैलावर घेतले.

त्यांच्या दिवंगत बहिणीची मुलगी लेआ हिच्याशी माझे लग्न ठरले आणि लग्नाची नोंदणी करणाऱ्या ज्यू धर्मगुरूपाशी, म्हणजे रब्बींपाशी, अडले. आम्हा भारतातून आलेल्यांची कुळे तेव्हा अस्सल ज्यू आहेत का म्हणून खोदून तपासली जात. लेआच्या आजीचे, म्हणजे बाईंच्या आईचे, कागद चोख होते. लेआचा जन्माचा दाखला मुंबईत गहाळ झाला होता. ही यांचीच नात कशावरून? पुरावा नाही तर लग्न नाही.

"पुरावा तोंडात आहे," बाई म्हणाल्या. ठरल्या दिवशी आजी, बाई आणि लेआ ठेवणीतल्या साड्या नेसून रब्बींपुढे जाऊन बसल्या.

"बघा आमची तोंडं!" बाईंनी फर्मावले. मी हिब्रूत सांगितले. रब्बींनी पाहिले. तिन्ही तोंडे दातांनी गच्च भरलेली! मोठ्या माणसाकडे जायचे म्हणून तिघींनी कवळ्या लावल्या होत्या.

"अगो बाई!" म्हणत बाईंनी आपली कवळी काढून थेट रब्बींच्या कागदांवर ठेवली. शेजारी आजींची आली. लेआ हलेना. ती रब्बींकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती. तिचेही दोन दात खोटे आहेत हे मला तेव्हा कळले.

"काढ गो," बाई म्हणाल्या. "दात ठेवशील तर नवरा जाईल." मग माझ्याकडे वळून, "आणि तुला पळायचं असेल तर दार उघडं आहे."

एवढे मी हिब्रूत सांगितले नाही. खुर्ची ओढून लेआच्या शेजारी बसलो. तिने कवळी काढली. रब्बींनी तिन्ही सारख्या फटी निरखल्या, चष्मा पुसला, कवळ्या उचलायची विनंती केली आणि सही केली.

बाई हा किस्सा हसत सांगतात. मला अजून राग येतो. बाजारात बैलाचे दात बघतात, नवरीचे नव्हे.

आज बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आमची मुलगी सव्वा वर्षाची आहे; आजूबाजूचे दात आले, वरचे पुढचे दोन नाहीत. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या मुलीच्या लग्नात त्यांनी नाचावे, आणि त्या दिवशी तिला तोंड फक्त हसण्यासाठी उघडावे लागो.