जिभेवरचा सोडा

केशरबाईच्या बोटांवर रेघा उरल्या नव्हत्या. सरकीचं तेल आणि कास्टिक सोडा घोटून ती अकोल्यात साबण करायची, आणि सोडा काही माणूस बघून चावत नाही. एकदा शेळीच्या केसांचा ब्रश रात्रभर सोड्याच्या पाण्यात राहिला. आधी केस सुतासारखे सरळ झाले, आणि सकाळी नुसती दांडी हाती आली. हे सगळं ठाऊक असून बाईनं पुढचं केलं, म्हणून तर जीव जळतो!

दर्यापूरहून तिच्या भावाची, डोमाजीची, पोरगी मैना आली होती. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर समाजात शिकलेली पोरं दिसू लागली होती, आणि भातकुलीचा एक मास्तर मैनेला पाहायला येणार होता. रीत अशी, की पोराची माय पोरीची वेणी स्वतः सोडते, फणी फिरवते, केस खरे की खोटे ते बघते. मागच्या खेपेला चांदूर बाजारच्या बाईची फणी मैनेच्या दाट कुरळ्या केसांत अडकली. "पोरगी हाय का मेंढी?" म्हणून ती हसली, आणि सोयरीक तिथंच मोडली.

"आत्या, त्या ब्रशासारखे माह्ये केस सरळ करून दे," मैना म्हणाली.

"येडी झाली का वं? टकली होशील!"

"अन् अशीच रायली, तं मले कोन करन?"

मास्तराचं घर, महिन्याचा पगार, पोरीचं सुख एका बाजूला आणि ती उघडी दांडी दुसऱ्या बाजूला. रात्रभर केशरबाईनं विचार केला. सकाळी मैनेची एक बट कापून तिला पातळ सोडा लावला, चिंचेच्या पाण्यात धुतली आणि जिभेला लावली. साबणाची परीक्षा ती अशीच करायची. जीभ झोंबली तर सोडा जिवंत, नाही झोंबली तर तेलाला खाऊन मेला. बट झोंबली नाही. वर कशी रेशमासारखी सरळ! बाईचा धीर वाढला.

पाहुणे यायच्या दिवशी तिनं मैनेच्या डोक्याला सोडा लावला.

"आत्या, चावून राह्यलं वं."

"थोडं सोस, माय."

पोरीनं ओठ दाबून सोसलं. केस धुतले, चिंचेचं पाणी ओतलं, जिभेला लावले. काही नाही. केशरबाईनं फणी न फिरवताच हलकी वेणी घातली आणि तिला हायसं वाटलं.

मास्तराची आई पार्वताबाई मायाळू होती. "किती मऊ केस वं बाई!" म्हणत तिनं वेणी सोडली आणि फणी फिरवली. फणी कुठंच अडकली नाही. सरळ खाली आली ती केसांचा झुपका घेऊनच. मैनेनं आत्याकडे पाहिलं.

सोडा मेला होता खरा, पण केसांना खाऊन. ते पुन्हा नीट आले नाहीत. मैना अकोल्यातच राहिली, घट्ट पदर घेऊन साबण घोटू लागली. केशरबाईनं मात्र त्या दिवसानंतर साबणाला जीभ लावली नाही. साबण तयार झाला की ती तुकडा मैनेपुढे धरायची आणि मान खाली घालायची.

मैना चाखून सांगायची, "मेला आत्या, सोडा मेला. या खेपेले तेलालेच खाऊन मेला."