कॉन्डोच्या भिंतीखालची पाणमांजरं

सिंगापूरचा हिवाळा म्हणजे डिसेंबरातला लागून राहिलेला पाऊस आणि एकवर आणलेला पंखा. तशाच एका ओल्या सकाळी सेम्बावांगमधल्या आमच्या ब्लॉकमागे, कालव्याच्या काठाने चालताना, तपकिरी, लांबुडकं, आखूड पायांचं काहीतरी गवतातून सर्रकन गेलं.

"मुंगूस असेल," मैत्रीण म्हणाली. ती पलीकडच्या काठावरच्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत राहायची. माझ्यासारखीच पुण्याची. घरचे उठायच्या आत आम्ही दोघी रोज चालून यायचो.

मी फोनवर शोधत बसले. आधी वाटलं वीझल. तो मुंगसासारखाच, पण सडपातळ. पण याची शेपूट बुडाशी चांगली जाड होती. दोन दिवसांनी चिखलात ठसे सापडले, बोटांमध्ये पडदा असलेले. शेजारी विष्ठा, तिच्यात माशांचे खवले.

"पाणमांजर आहे गं! वीझलच्याच कुळातलं," मी ओरडले, तर तिने माझा दंड घट्ट धरला. परदेशात आल्यापासून इतकं लहान मुलीसारखं मी कुणाबरोबर हसले नव्हते.

मग एकदा ती आली नव्हती तेव्हा मला पिल्लं दिसली. तिच्याच कॉन्डोच्या भिंतीखाली पावसाच्या पाण्याचा एक जुना पाइप होता, त्यातून आईमागोमाग बाहेर पडत होती. मी तिला फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नक्की कुठे? दाखव ना." मी पाइपपाशी नेलं.

"कुणाला सांगू नकोस हं," मी बजावलं.

"वेडी आहेस का?"

त्यानंतर तिचा घसा दुखायला लागला. मी एकटीच जायचे. एके सकाळी पाइपच्या तोंडावर कोरी जाळी ठोकलेली दिसली. मादी जाळीला नाक लावून शीळ घातल्यासारखी ओरडत होती. पिल्लं काठावर एकमेकांना चिकटून बसली होती. तिथल्या गार्डने कौतुकाने सांगितलं, इथून शिरून प्राणी कॉन्डोच्या तळ्यातले शोभेचे मासे खायचे. एका मॅडमनी फोटो दाखवला म्हणून जागा सापडली. फोटो माझाच होता.

मी तशीच तिच्या दारात गेले.

"अगं, मी कमिटीवर आहे," ती म्हणाली. "मासे रोज कमी होत होते. सगळे मलाच विचारत होते."

"मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू दाखवलं असतंस का?"

ती चिडून बोलली नाही, अगदी समजुतीने बोलली. तेच मला जास्त लागलं. आत चहा उकळल्याचा वास येत होता. ये म्हणाली. मी गेले नाही.

पाणमांजरं त्याच आठवड्यात निघून गेली, कुठे ते कळलं नाही. तिचा घसा बरा झाला. "उद्या येतेस ना?" असे मेसेज बरेच दिवस येत राहिले. गुडघा दुखतोय, असं मी कळवत राहिले.