माहेरचं नाव

"माहेरनं नाव काय शे तुन्हं?"

लस टोचण्याआधी बेन प्रत्येक आईला हे विचारायच्या, आणि विचारताना बाळाचा तळपाय मुठीत धरून ठेवायच्या. आमचं लसीकरण केंद्र सुरतेच्या लिंबायतमध्ये, लूमवर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबांच्या वस्तीत. बेन नर्स, मी कॉम्प्युटरवर नोंदी करणारा. त्या मूळच्या अंमळनेरकडच्या, पण आयुष्य सुरतेत गेलं, म्हणून ताई न राहता गुजराती रीतीने सगळ्यांच्या बेन.

प्रश्न ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "कशाले बेन, परत लगीन लावतस का?" एकीने विचारलंही होतं. बेनना मात्र लसीच्या दिवशी हसूच यायचं नाही. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवायच्या, आणि बाळ गाढ झोपलं की जाऊन त्याच्या नाकाखाली बोट धरायच्या. मग ते उठायचं, रडायचं, आणि त्याची आई वैतागायची.

प्रश्नाला कारण होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पहिली लस तिकडे, माहेरच्या नावाने. सुरतेला आली की लग्नात बदललेलं सासरचं नाव. झालं, एकाच बाळाच्या दोन नोंदी, आणि दोन्ही अर्ध्या. "तिकडे लस बाधली असली तर इकडे मला कोण सांगणार?" बेन म्हणायच्या. "मी बापडी आंधळ्यासारखी टोचणार."

एका सकाळी वैशाली नावाची मुलगी बाळ घेऊन आली. सोबत सासू.

"आधीच्या लसीनं काही त्रास झाला होता का?" बेननी विचारलं.

"काहीच नई," सासूच बोलली. "लवकर टोच ना बेन, घर काम पडेल शे."

वैशाली खाली बघत होती. बेननी सिरिंज ठेवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"रत्ना," ती पुटपुटली.

मी शोधलं. रत्नाच्या नावावर बाळाची आधीची लस सापडली, बॅच नंबरसकट. त्रासाची जागा तेवढी कोरी होती. कोऱ्या जागेवरून काय समजायचं? बेननी सासूला पाणी आणायला पिटाळलं.

"रत्ना, मन्हाकडे देख," त्या म्हणाल्या.

सासरी आल्यापासून या नावाने तिला कुणी हाक मारली नसावी. ती घळाघळा रडायलाच लागली. "पोऱ्याले झटका उनात बेन. निळा पडी गयथा. सासरमा बोलू नको, माय सांगे."

बेननी लस टोचली नाही, बाळाला डॉक्टरांकडे पाठवलं. मी दोन्ही नोंदी जोडल्या आणि तिकडच्या केंद्राला कळवलं. त्यांनी त्याच बॅचची लस घेतलेली बाकीची बाळं घरोघरी जाऊन पाहिली. सगळी ठणठणीत आहेत, असा निरोप येईपर्यंत बेन धड जेवल्या नाहीत.

निवृत्त होऊन त्या गावी गेल्या आणि तिथेच वारल्या. नवी सिस्टर चलाख आहे, तो प्रश्न विचारत बसत नाही, रांग भराभर सरते. माझा जीव मात्र टांगणीला लागतो. पडद्यावर स्वच्छ नोंद दिसली की वाटतं, हिची दुसरी अर्धी माहेरच्या नावावर तर नसेल? आणि पुरुषाने परक्या बाईला माहेरचं नाव विचारायचं म्हणजे मार खायचीच तयारी हवी!

काल एक जोडपं बाळ घेऊन आलं. सिस्टरने सिरिंज उचलली.

"ताई, माहेरचं नाव काय?" मी विचारलं.

नवऱ्याने डोळे वटारले. "तुम्हाला काय करायचंय?"

ती मात्र हळूच म्हणाली, "कल्पना."

"थांबा सिस्टर," मी म्हणालो, आणि बेनसारखाच घाबरत घाबरत ते नाव शोधू लागलो.