आग वानरानं लावली

२०११ साल. माझं वय बाहत्तर. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मी जंगलाला आग लावली नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात तेव्हापासून सगळे उलटं सांगून राहिले.

मी चौथी पास. (पाचवीत मास्तरचं आणि माझं जमलं नाही. चूक मास्तरची होती.) रांझीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतो. मशीन अडली की साहेब माझ्याकडे यायचे, मी साहेबाकडे कधी गेलो नाही. आणि 'माझं चुकलं' हे मी जन्मात कोणाला म्हटलं नाही. आमची ही म्हणते, "तुमच्या तोंडात कवळी बसली, पण तो शब्द काही बसला नाही."

तर त्या वर्षी आमचे व्याहीबुवा, म्हणजे सुनेचे वडील, पुण्याहून आले. बँकेतून रिटायर झालेले. गळ्यात दुर्बीण, डोक्यात निसर्ग. चहा व्हायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "आपण तिघं म्हातारे इको-टुरिझमला जाऊ. मी जंगलातला कॅम्प बुक केलाय."

"म्हणजे काय जी?"

"म्हणजे निसर्गाला जराही धक्का न लावता निसर्ग पाहायचा."

"मग घरीच बसून राहू ना! त्याच्याहून कमी धक्का कशानं लागणार?"

सून आत पळाली हसायला. व्याहीबुवा हसले नाहीत. पुण्याचा माणूस बुकिंग झाल्यावर हसत नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आमचे आजोबा अमरावतीकडून इकडे हिंदी मुलखात आले तेव्हा सोबत एक पितळी घंगाळ आणि रोडगे करायची विद्या घेऊन आले. घंगाळ गेलं, विद्या राहिली. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत हाणायचे. आमच्या घरात झाडाखाली जायचं म्हणजे रोडगे करायलाच जायचं. नुसतं झाड पाहायला कोण जाते?

व्याहीबुवांनी छापील नियम वाचून दाखवले होते. प्लास्टिक नको, गॅस नको, आग नको. पहिले दोन मला पटले. तिसरा लिहिणाऱ्याला रोडगे माहीत नसावेत! गोवरीत प्लास्टिक असते का? गॅस असतो का? गाईनं गवत खाल्लं, गोवरी झाली. माझ्याहून मोठा इको कोण? पनागर गावच्या एका दोस्ताकडून दहा गोवऱ्या आणल्या, हिच्या जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळल्या आणि शिवून टाकल्या. माचिस चष्म्याच्या डबीत. कणीक आणि भाजी हिच्या थैलीत. (ही म्हणते मी जबरदस्ती केली. वांगी मात्र तिनंच निवडून घेतली होती.)

कॅम्पच्या गेटवर हिरव्या वर्दीतली एक बाई उभी. नाव फूलवती. जवळच्याच गावची गोंडीण, जंगल दाखवायचं काम तिचंच, आणि सामान तपासायचंही. हिचा चिवड्याचा प्लास्टिकच्या पन्नीतला पुडा तिनं काढून कागदात बांधून दिला. मग माझ्या बोचक्यावर हात ठेवला.

"दादाजी, ये क्या है?"

"कमर का तकिया है, बेटी."

तिनं दाबून पाहिलं. "बहुत सख्त है!"

"बीमारी भी सख्त है."

आमच्या हिला एकदम खोकला आला.

"माचिस-बीडी तो नहीं ना?"

"बीडी छोड़े बीस साल हो गए." (हे खरं होतं. माचिसबद्दल मी बोललोच नाही!)

फूलवतीनं रजिस्टरमध्ये सही केली. "मेरी गारंटी रहती है, दादाजी. आग लगी तो मेरी वर्दी जाएगी." चालता चालता तिनं सांगितलं, आधी याच जंगलातून मोळ्या डोक्यावर वाहून त्या लोकांनी पोट भरलं. आता तेच जंगल दाखवायचा पगार मिळते, पोरगी शहरात होस्टेलला शिकून राहिली. हे ऐकताना बोचकं मला जरा जड लागलं. पण भूकही लागली होती.

कॅम्प मोठा इको. तंबूत कूलर, कूलरसाठी जनरेटर, जनरेटरची धडधड आमच्या कारखान्यासारखी. त्याच्याच अंगावर पाटी: 'कृपया शांति रखें, पक्षी डरते हैं.' एका सागाला चार खिळे ठोकून दुसरी पाटी: 'पेड़ों को चोट न पहुँचाएँ.' जेवायला चाऊमीन!

"पाहा, निसर्गाच्या किती जवळ आहोत आपण!" व्याहीबुवा म्हणाले.

"जवळ असेल जी. दिसून नाही राहिला."

दुपारी व्याहीबुवा दुर्बीण घेऊन कुठलासा पक्षी शोधायला तंबूपुढे बसले. मी हिला खूण केली. तंबूमागं कोरडा नाला होता. तिथं रेतीवर गोवऱ्या रचल्या.

"अहो, नको ना जी. त्या बाईची सही आहे."

"भिऊ नको. छत्तीस वर्षं भट्टीजवळ काढली. आग माझं ऐकते."

ऐकतही होती! निखारे लाल झाले, नऊ रोडगे आत गेले, वास सुटला. तो वास मला एकट्यालाच आला असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण वर झाडावर वानरांचं अख्खं खटलं बसलं होतं. त्यातला एक ढोल्या धप्पकन खाली आला. मी "हाड! हाड!" करेपर्यंत त्यानं निखाऱ्यातून रोडगा उचलला, चटका बसला, किंचाळला आणि रोडगा भिरकावून दिला. निखारा चिकटलेला रोडगा पडला कुठं? सागाच्या वाळक्या पानांच्या ढिगात!

आता तुम्हीच सांगा, आग कोणी लावली?

पानं भुरभुर पेटली. मी धोतराच्या सोग्यानं झोडायला गेलो, तर सोगाच धुपू लागला. ही ओरडली, "तुम्ही आधी विझा!" आणि भाजीचा डबा माझ्या धोतरावर उपडा केला. तिकडे व्याहीबुवांना दुर्बिणीत पक्ष्याऐवजी धूर दिसला. "वणवा! वणवा!" करत ते शिट्टी फुंकत धावले. तंबूतंबूतून पाहुणे निघाले. कोणी बादली आणली नाही, कॅमेरे सगळ्यांनी आणले.

आली ती फूलवती. हिरवी फांदी तोडली, पाच-सात सपकारे मारले, वरून रेती ढकलली, खलास. सतरंजीएवढी जागा काळी झाली होती. तिच्या वर्दीची एक बाही जळाली होती. तिनं लुगड्याच्या चिंध्या पाहिल्या, अर्धी गोवरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"यही था तकिया?"

कॅम्पचा मॅनेजर आला. मी छाती काढून तयार होतो की हा मला बोलेल, मी त्याला बोलेन. तो हात जोडून म्हणाला, "सर, आपको चोट तो नहीं आई? आप तो हमारे गेस्ट हैं." आणि वळून तिला म्हणाला, "रजिस्टर में साइन तुम्हारा है. वर्दी जमा कर दो."

घ्या! जाळणाऱ्याला लिंबू-सरबत, विझवणाऱ्याला घरचा रस्ता. मला कारखान्यात कोणी असं फुकट सोडलं नव्हतं. मी म्हटलं, "वानर ने किया है!"

"वानर गोवऱ्या शिवून घेऊन आला होता का हो?" व्याहीबुवांनी शुद्ध मराठीत विचारलं.

ही हळूच म्हणाली, "एकच शब्द आहे जी. म्हणून टाका. तिची पोरगी होस्टेलात आहे."

मी तोंड उघडलं. कवळी हलली, शब्द निघाला नाही. शेवटी मी अभिप्रायाचं पुस्तक मागितलं. 'आपको क्या अच्छा लगा?' असं छापलं होतं, त्याच्या खाली माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं: 'बाई होशियार है. चोर मैं हूँ.' मॅनेजरनं ते पान हसून पालटलं. फूलवती म्हणाली, "दादाजी, लिखने से क्या होगा? कल सुबह गाँव की समिति बैठेगी. गेट पे कौन रहेगा, वही तय करती है. वहाँ मुँह से बोलना पड़ेगा."

संध्याकाळी मी जेवलो नाही. (चाऊमीनच होतं, पण तरी.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, व्याहीबुवांची पॅन्ट घालून (माझं धोतर वांग्याच्या रश्श्यात होतं) गावातल्या महुआच्या झाडाखाली समितीपुढे उभा राहिलो. मॅनेजर होता, फूलवती घडी केलेली वर्दी मांडीवर घेऊन बसली होती. पॅन्ट घसरत होती, म्हणून हात जोडता आले नाहीत. एका हातानं पॅन्ट धरून मी मोठ्यानं म्हटलं, "गलती मेरी है. बाई की नहीं. वानर की भी नहीं."

समितीनं आपसात कुजबूज केली. वर्दी फूलवतीकडेच राहिली. मला शिक्षा झाली: कॅम्पभोवतीचा वाळका पाला झाडून आग अडवायची पट्टी साफ करायची. फूलवतीनंच खराटा हातात दिला. "लो दादाजी, ये सख्त नहीं है."

मी झाडायला लागलो. ही मागं मागं आली. चेहरा असा, जशी पोराची मुंज लागली.

"बाई बाई! निघाला एकदाचा शब्द! पण हिंदीत म्हटला जी तुम्ही. आता एकदा मराठीत म्हणा ना, माझ्यासमोर!"

पुढं ती काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी खराटा मुद्दाम जोरात चालवून राहिलो होतो.