वांग्यावर रागावलेला माणूस

भाजीने आपला अपमान केला असं मानून आयुष्यभर तिच्याशी भांडलेला माणूस जगात एकच असेल, आणि ते माझे सासरे आहेत. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान. चार पिढ्या म्हैसुरात गेल्याने घरातल्या मराठीला कन्नडची ठिगळं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आलो, त्यांच्या मुलीशी लग्न केलं आणि सासरच्या पहिल्याच जेवणात वांग्याची भाजी "छान झालीय" म्हणालो. "छान? इदेन्री, हे काय जावईबापू!" त्यांनी ताटच सरकवलं. "हे वांगं आहे? कापूस शिजवलाय नुसता! माणसं खातात तरी कशी, आणि खाऊन गप्प तरी कशी बसतात?"

त्यांच्या लहानपणीचं वांगं हिरवट, पातळ सालीचं, लोण्यासारखं. त्याची रोपं बोगादीच्या घरामागे लावली, की फळ धरण्याआधीच मर रोग लागून माना टाकत. आणि पलीकडे गटाराकाठी एक काटेरी, कडू वांगं मात्र कुणी पाणी न घालता मजेत उभं! हा अन्याय सासऱ्यांना सहन होईना. "चव एकाकडे, ताकद दुसऱ्याकडे! ही वाटणी केली कुणी?" दोघांचा संकर करायचा त्यांनी चंग बांधला. उद्या उमलणारी कळी संध्याकाळीच हेरायची, दुकानातल्या चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, अस्तराच्या कापडाची इवलीशी पिशवी चढवायची आणि सकाळी गटाराकाठच्या फुलाचा पराग तिला लावायचा. मधमाशी दिसली की ते पंचा घेऊन धावत. "हिला काही ताळतंत्र? कुणाचंही कुणाला नेऊन लावते!" झाडांच्या नोंदी गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर असत. त्यातून एका वकिलांचा कोट रोपाच्या उंचीवर बेतला गेला. वकील तक्रार घेऊन आले, पण रागावले सासरेच.

पहिल्या पिढीतली झाडं सगळी सारखीच, काटेरी नि कडवट. दुसरीत मात्र जितकी रोपं तितक्या तऱ्हा. मग निवड सुरू झाली. मर सोसून उरलेल्या प्रत्येक झाडाची भाजी वेगळ्या भांड्यात शिजे आणि "छान" म्हणायला घरात बंदी होती. एका रविवारी अकरा भांडी घासून सासूबाई वैतागल्या, "सुम्ने, सरळ बाजारातून आणा की!" त्या दिवशी सासरे उपाशी झोपले. नापास झाडं ते फळांसकट उपटत. "दया दाखवली की बी बिघडतं."

पाच हंगामांनी एक झाड साधलं. काटा नाही, मर नाही, आणि चव अशी की पहिला घास घेऊन सासरे चक्क गप्प बसले. त्याच्या पिशवीत जपलेल्या कळीचं एकच फळ त्यांनी बियांसाठी राखलं, आणि झाड वाळत आलेलं असताना ते सोसले गावी लग्नाला गेले. बियांचं वांगं पिकून पिवळं पडतं, हे मला कुठे ठाऊक? मी उत्साहाने परसदार साफ केलं आणि ते पिवळं वांगं कचरागाडीत टाकलं.

"फळ कुठाय?" परतल्यावर त्यांनी विचारलं.

"मला वाटलं, सडलंय."

"सडलंय तुमचं डोकं!" आणि त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून कचराडेपो गाठला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं कचरा उपसत होतो. वांगी पुष्कळ निघाली, ते निघालं नाही. पुढे तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. निरोप बायकोकडून येत, तेही रागावलेले.

मग एके दिवशी ते स्वतःच आले. "आधीच्या पिढीचं बी आहे. ते पेरू, जुन्या वांग्याशी पुन्हा जोडू. पण माझा हात कापतो अलीकडे. चिमटा तुम्ही धरा."

आता रोपं फुलली आहेत. ते स्टुलावर बसून सांगतात, मी वाकून करतो. परवा संध्याकाळी पहिल्याच चांगल्या कळीचा स्त्रीकेसर माझ्याकडून मोडला. मान खाली घालून मी ओरड्याची वाट पाहत राहिलो.

"परवागिल्ला," ते हळूच म्हणाले. "असू दे. दुसरी उमलेल."

मी वर पाहिलं. कपाळावर एकही आठी नव्हती. रागावले असते तर बरं झालं असतं.