आधी वचन, मग ओस्ती

विक्रोळीहून मरोळ तसं लांब नाही. पवईचा तलाव मागे टाकला, साकीनाक्याची कोंडी सोसली की आलंच. तरी मी एक स्टॉप पुढे उतरले आणि मैत्रिणीला, ग्लेंडाला, फोन करून विचारत मागे चालत आले. रविवारी तिच्याकडे जेवायला बोलावलं होतं. ख्रिस्ती घरात मी पहिल्यांदाच जात होते. काही चुकेल का, याची धाकधूक होती.

मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एकदम गाव लागतं. बैठी घरं, ओटे, कोपऱ्यावर झेंडूचा हार घातलेला क्रूस. मी चपला काढून त्याला नमस्कार केला. ग्लेंडा हसली, "अगं, पाय भाजतील, घाल ना!"

घरात फुगे (मैद्याचे आंबवून तळलेले गोळे) तळल्याचा वास होता. पण कोणी खात नव्हतं. आजोबा अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी चर्चमधून त्यांच्यासाठी ओस्ती (चर्चमधल्या उपासनेत पवित्र केलेली भाकरीची पातळ चकती) येते. ती घेईपर्यंत ते उपाशी असतात. उशाशी पांढरा कपडा घातलेलं टेबल, मेणबत्ती आणि आजीचं मराठी बायबल. आजी होती तोवर ओस्तीआधी तीच त्यातून वाचून दाखवायची. ती गेल्या वर्षी गेली.

"तू कुठली गो?" आजोबांनी विचारलं.

"विक्रोळीची."

"बस गो. भूक लागली आसंल. थोडा वेळ थांब."

ओस्ती घेऊन चर्चचे एक अंकल आले. हातात सोनेरी डबी, नजर घड्याळाकडे. मोबाइलवरून दोन ओळी इंग्रजीत वाचल्या आणि म्हणाले, "हां, तोंड उघडा."

आजोबांनी तोंड घट्ट मिटलं. मग हळूच म्हणाले, "आधी वचन, मग ओस्ती. मराठीत वाच."

"मला मराठी वाचता कुठे येतं? अजून चार घरं आहेत. नाहीतर पुढच्या रविवारी घ्या."

पुढच्या रविवारी! सकाळपासून पाणीसुद्धा मोजून प्यालेल्या माणसाला हे असं सांगायचं? माझे कान तापले.

ग्लेंडाने बायबल उचललं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली. "त्या... त्यां... नी," अशी अडखळली आणि रडवेली झाली. अंकलनी डबी मिटली.

"मी वाचू का?" माझा आवाज मलाच कसाबसा ऐकू आला.

"ही आपली आहे का?" अंकलनी ग्लेंडाला विचारलं. मी समोर उभी असताना!

आजोबा म्हणाले, "तू आपला ना रे? मग तू वाच."

अंकल बाजूला झाले. मी वाचलं. एका लुळ्या माणसाला आत न्यायला वाट मिळेना, म्हणून चौघांनी छप्पर उघडून त्याची खाट येशूसमोर खाली सोडली, ती गोष्ट. आजोबांचे ओठ माझ्या अर्धा शब्द पुढे हलत होते. त्यांना सगळं पाठ होतं. तरीही त्यांना ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं.

ओस्ती मला मिळणार नव्हती, ते ठीकच. मी फुगे खाल्ले, कोंबडीच्या रश्शात बुडवून, सहा.

परतीच्या बसमध्ये मात्र राग उतरेना. माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या देवाचे चार शब्द ऐकायला हट्ट करावा लागतो? अंकलना काय काय सुनावायला हवं होतं, ते पवई येईपर्यंत मनात जुळवत होते.

आई मेथी निवडत बसली होती. ती कधीच शाळेत गेली नाही. "काय झाला गो? तोंड कशाक फुगवलंस?"

मी हातवारे करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"बरा केलंस," ती म्हणाली. "आता जरा शेजारच्या काकींक इचारून ये. गुरवारची पोथी वाचूक येतली काय ती?"

कॉलेज सुरू झाल्यापासून दर मार्गशीर्षात मी हा निरोप पोचवते. आई पोथी कपड्यातून सोडवून ठेवते आणि काकींची वाट बघते. लेक्चर आहे, असं मी सांगते. खरं तर पोथी वाचताना मैत्रिणींनी पाहिलं तर, याची मला लाज वाटते.

मी चपला घातल्या. दारापर्यंत गेले. मग काढल्या.

"त्यांना कशाला?" मी म्हटलं.

आईने मेथीवरून मान वर केली नाही. फक्त जुडी बाजूला सारून मला बसायला जागा केली.